उघड्या मुठीचा हिशेब

तीस कोटी डॉलर आणि दहा लाख अल्पाका.

एप्रिल २०२२. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं फेअरफॅक्स काउंटीचं न्यायालय. साक्षीदाराच्या खुर्चीत अभिनेता जॉनी डेप, समोर त्याच्या माजी पत्नीचा, म्हणजे अभिनेत्री अॅम्बर हर्डचा वकील. प्रश्न असा की, डिस्नी कंपनीने तीस कोटी डॉलर मोजले आणि वर दहा लाख अल्पाका दारात आणून बांधले, तरी तुम्ही ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये पुन्हा काम करणार नाही, बरोबर? डेप म्हणाला, बरोबर.

अल्पाका हे अँडीज डोंगरातलं लोकरीचं जनावर. कूळ उंटाचं, रूप मेंढीच्या मावशीचं. न्यायालयाच्या कामकाजात त्याचा एरवी संबंध येत नाही. पण या खटल्याचा शब्दन् शब्द थेट प्रक्षेपित होत होता. त्यामुळे संध्याकाळपर्यंत अल्पाका घरोघरी पोचला, आणि काही आठवड्यांनी एका चाहतीने खरोखरच दोन अल्पाका न्यायालयाबाहेर आणून उभे केले. डेपला बरं वाटावं म्हणून. लोकांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले.

बोलीत दहा लाख, दारात दोन. या खटल्यातल्या आकड्यांचं पुढेही असंच होत राहिलं. काही बघता बघता आभाळाला टेकले, काही आक्रसत आक्रसत चिमटीत मावतील एवढे झाले. कुठले फुगले आणि कुठले आक्रसले, हे बघण्यासारखं आहे.

आधी मूळ भांडण. डेप आणि हर्ड यांचं लग्न झालं फेब्रुवारी २०१५मध्ये. तिने घटस्फोटासाठी अर्ज केला मे २०१६मध्ये. म्हणजे संसार पंधरा महिन्यांचा. कज्जे मात्र डिसेंबर २०२२पर्यंत, साडेसहा वर्षं चालले. घटस्फोट ७० लाख डॉलरवर मिटला होता. डिसेंबर २०१८मध्ये हर्डने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये एक लेख लिहिला. आपण घरगुती हिंसाचाराचा चेहरा झालो आणि त्याबद्दल समाजाचा रोष सोसला, असा त्याचा आशय होता. त्यात डेपचं नाव कुठेही नव्हतं. पण आडून कोणाबद्दल बोललं जातंय, हे वाचणाऱ्याला कळत होतं, असं डेपचं म्हणणं. त्याने मार्च २०१९मध्ये बदनामीचा दावा लावला, पाच कोटी डॉलरचा. तेव्हाच्या दराने मोजले तर साडेतीनशे कोटी रुपये. हर्डने २०२०मध्ये उलटा दावा लावला, दहा कोटी डॉलरचा. नवरा शेर तर बायको सव्वाशेर म्हणतात, इथे थेट दुप्पट.

दोघंही राहणारे कॅलिफोर्नियाचे, आणि दावा तीन हजार किलोमीटरच्याही पलीकडे व्हर्जिनियात का? तर ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा छापखाना आणि संगणकीय सर्व्हर फेअरफॅक्स काउंटीत होते. लेख जिथून छापून बाहेर पडला, तिथे दावा. कॅलिफोर्नियात असे दावे सुरुवातीलाच निकालात काढायला कायदा जास्त मदत करतो, हेही कारण होतंच.

दाव्याचा सगळा डोलारा किती शब्दांवर उभा होता? लेखातल्या तीन विधानांवर. त्यातलंही एक ऑनलाइन आवृत्तीचं शीर्षक. तीन वाक्यं.

आता त्या तीन वाक्यांना किती वेळ लागला ते बघा. ११ एप्रिल २०२२ रोजी ज्युरीची निवड सुरू झाली आणि १ जूनला निकाल लागला. मधला एक आठवडा न्यायाधीश पेनी अझकराटे यांचा आधीच ठरलेला कार्यक्रम असल्याने सुट्टीचा गेला. साक्षीपुरावे शंभर तासांहून जास्त. आणि हे जगाने इंटरनेटवर थेट पाहिलं त्या वेळेची बेरीज, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबानुसार, ८ कोटी ३९ लाख तास.

हा आकडा नुसता वाचून काही होत नाही. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढच्या ओळीवर गेलो होतो. वर्षांत मांडला तेव्हा थबकलो: सुमारे ९,५७० वर्षं. तेही पुरेसं वाटत नसेल तर असं धरू. एक माणूस दिवसाचे आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, चाळीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त होतो. त्याच्या आयुष्यभराच्या कामाचे तास होतात ९६,०००. तर ८७४ माणसं नोकरीला लागली तेव्हापासून निरोपसमारंभाचा नारळ हातात पडेपर्यंत दुसरं काहीही न करता फक्त हा खटला पाहत बसली, असा हा वेळ आहे. दर वाक्यामागे २ कोटी ८० लाख तास. आणि यात दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर पाहिलेलं धरलेलं नाही, नंतर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलं धरलेलं नाही. त्या तासांमध्ये माझेही दहा-बारा आहेत, हे कबूल करून टाकतो. घरच्यांनी विचारलं तर कायदा शिकतोय असं सांगायचो.

न्यायालयात जाऊन बसायचं असेल तर रोज शंभर जागा. मनगटाला बांधायची पट्टी मिळाली तर आत. त्या शंभर पट्ट्यांसाठी लोक मध्यरात्रीपासून रांगेत. निकालाच्या वेळी, म्हणजे १ जूनला तिथल्या दुपारी तीनला आणि आपल्याकडे रात्री साडेबाराला, थेट प्रक्षेपण एकाच क्षणी पाहणाऱ्यांची संख्या ३५ लाखांवर गेली. अख्ख्या फेअरफॅक्स काउंटीची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या घरात, म्हणजे काउंटीच्या तिप्पट माणसं. आतल्या एकेका खुर्चीमागे बाहेर पस्तीस हजार. वानखेडे स्टेडियमची क्षमता तेहतीस हजारांच्या आसपास आहे. कोर्टरूममधल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या पाठीशी एक भरलेलं वानखेडे, वर दोन हजार माणसं फाटकाबाहेर ताटकळलेली. अशी शंभर वानखेडे. आणि सगळी एका नवरा-बायकोचं भांडण ऐकायला.

कॅमेरे आत आले कसे, तर न्यायाधीशांच्या परवानगीने. हर्डच्या वकिलांनी विरोध केला होता. आरोप लैंगिक अत्याचाराचेही आहेत, ही साक्ष जगापुढे द्यायला लावू नका, हा त्यांचा मुद्दा. डेपच्या बाजूला प्रक्षेपण हवं होतं. अझकराटे यांनी कॅमेऱ्यांना मुभा दिली. कॅमेरे नसतील तर माध्यमांची आणि बघ्यांची झुंबड न्यायालयावरच येईल आणि ती आवरणं कठीण जाईल, असा त्यांचा विचार होता. झुंबड आवरण्यासाठी कॅमेरे. पुढे काय झालं ते वर आलंच आहे, अल्पाकांसकट.

इथे आपल्याकडच्या एका शब्दाची गंमत आठवते. बातमीत ‘सुनावणी इन कॅमेरा झाली’ असं वाचलं की त्याचा अर्थ दारं बंद होती, कॅमेरा तर नाहीच, माणूसही नव्हता. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की वैवाहिक खटल्यांची सुनावणी इन कॅमेराच व्हावी आणि त्यातलं काही छापू नये. छापलं तर दंड एक हजार रुपयांपर्यंत. कायदा १९५५चा आहे, त्यामुळे दंडही त्याच काळातला. २७ सप्टेंबर २०२२पासून आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचं कामकाज थेट दिसू लागलं, शिवसेनेच्या वादाची सुनावणी महाराष्ट्राने घरबसल्या पाहिली. पण प्रक्षेपणाच्या आदर्श नियमावलीत वैवाहिक खटले वगळलेलेच आहेत. घरातली मूठ झाकलेली ठेवायची, हा आपला जुना कल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फेअरफॅक्सला ही मूठ उघडली. मग तिची किंमत काय झाली?

टिकटॉकवर ‘जॉनी डेपला न्याय द्या’ या अर्थाच्या हॅशटॅगखालचे व्हिडिओ निकालापर्यंत सुमारे १,९०० कोटी वेळा पाहिले गेले. ‘अॅम्बर हर्डला न्याय द्या’ याखालचे सुमारे ८ कोटी वेळा. एकास दोनशे चाळीसच्या आसपास. आता दर सेकंदाला एक अशा गतीने कोणी हे मोजायला बसलं, तर हर्डची मोजणी अडीच वर्षांत आटपेल. डेपची मोजणी आज संपायला हवी असेल तर ती पंधराव्या शतकात सुरू करायला हवी होती. ६०२ वर्षं लागतात. तेव्हा आपल्याकडे बहामनी राज्य होतं, आणि अमेरिका नावाचा देश असेल हे युरोपातही कोणाला ठाऊक नव्हतं.

खटल्याच्या वेळी पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींना टेकत होती. १,९०० कोटी म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत प्रत्येकाने दोनदा पाहून वर थोडं उरावं. शिवाय भारतात टिकटॉकवर जून २०२०पासून बंदी. म्हणजे जगातली पाचवा-सहावा हिस्सा माणसं या मोजणीतून मुळातच बाद. आपल्यापर्यंत हे पोचलं ते यूट्यूबवरून, इन्स्टाग्रामच्या रील्समधून आणि व्हॉट्सअॅपवर कुटुंबाच्या गटात येऊन पडलेल्या फॉरवर्डमधून, ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली.

अर्थात, एक ‘व्ह्यू’ म्हणजे एक माणूस नाही. अंगठ्याने वर सरकवताना समोर आलेलं, दुसऱ्याच क्षणी मागे टाकलेलं, हेही मोजलं जातं. एकच पोरगी एकच व्हिडिओ तीसदा पाहते, तेही तीस. हर्डची टिंगल करणाऱ्याने तिच्या नावाचा हॅशटॅग लावला, तर ते तिच्या खात्यात. हा आकडा मतांचा नाही, डोळ्यांचा आहे. डोळ्यांचाही नाही, नजर पडण्याचा आहे. पण पाहणारा त्याला मतमोजणीसारखंच वाचतो. दोनशे चाळीस विरुद्ध एक असं दिसलं की दोनशे चाळीसवाल्यांचं चुकेल कसं, असं वाटतंच. मलाही वाटलं होतं.

त्या सहा आठवड्यांत जगात दुसरं काही घडत नव्हतं का? युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं होतं. २ मे रोजी गर्भपाताच्या हक्काबाबत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदाच फुटला, कोट्यवधी बायकांच्या आयुष्याला हात घालणारा. तरी एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंतची आकडेवारी न्यूजव्हिप या कंपनीने काढली तेव्हा दिसलं की, गर्भपाताच्या मसुद्यावरच्या दर बातमीमागे समाजमाध्यमांवर जेवढ्या प्रतिक्रिया आल्या, त्याच्या जवळपास पाचपट डेप-हर्डच्या दर बातमीमागे आल्या. बातम्या तिकडेही होत्या. बोटं इकडे होती.

आणि बोटं काय करत होती? साक्षीतून शब्द उचलत होती. डेपने ‘मेगा पाइंट’ भरून वाइन ओतून घेतली का, असं वकिलाने विचारलं, आणि डेपने भुवई उडवून ‘मेगा पाइंट?’ असं उलट विचारलं. दोन शब्द. त्यांचे मग आले, टी-शर्ट आले. हर्डच्या बाजूचा एक वकील स्वतःच विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर स्वतःच हरकत घेऊन बसला; न्यायाधीशांनी त्याला आठवण करून दिली की प्रश्न तुमचाच होता. तेही जगभर गेलं. हर्डच्या वकिलांनी सुरुवातीच्या भाषणात, जखमा झाकायला ती असं काहीतरी वापरायची म्हणून मेकअपची एक डबी दाखवली. लगेच मिलानी या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने स्वतःचा व्हिडिओ काढला: ही डबी आम्ही बाजारात आणली २०१७मध्ये, लग्न मोडल्यावर. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. ना शपथ, ना उलटतपासणी, ना समन्स. कंपनी आपण होऊन साक्ष देऊन गेली. डेपची वकील कमिल वास्केझ निकालानंतर आठवड्याभरात तिच्या फर्मची भागीदार झाली. डेपची एके काळची प्रेयसी, मॉडेल केट मॉस हिची साक्ष इंग्लंडहून व्हिडिओवर झाली, जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यावर तासन्‌तास विवेचन करणारे मात्र शेकड्याने निघाले.

हा बाजार नवा वाटत असेल तर मुंबईतल्या जुन्या माणसांना विचारा. १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. कॅमेरा नव्हता, दूरचित्रवाणीही नव्हती. होतं रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक, उघडउघड नानावटींच्या बाजूचं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जायचा. आठपट. रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते, कारण गोळ्या लागल्या तेव्हा आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. ‘मेगा पाइंट’च्या मगाचा आजा तो टॉवेल. ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला: निर्दोष. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. आपल्याकडच्या ज्युरीपद्धतीची गोष्ट निघाली की नानावटींचं नाव आजही आधी येतं.

अमेरिकेचा याआधीचा उच्चांक माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा. माजी पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा मित्र यांच्या खुनाचा खटला. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी निकाल ऐकायला सुमारे १५ कोटी अमेरिकी टीव्हीसमोर बसले, देशाच्या निम्म्याहून जास्त. एका क्षणाच्या गर्दीत फेअरफॅक्सचे ३५ लाख त्यापुढे किरकोळ. पण त्या पंधरा कोटींनी ऐकलं, शेजाऱ्याशी वाद घातला आणि दिवे मालवले. त्यांच्या हातात पाठवायला काही नव्हतं. आणि सिम्पसनच्या ज्युरींना २६५ दिवस हॉटेलात जगापासून तोडून ठेवलं होतं. फेअरफॅक्सचे ज्युरी रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात. खिशात मोबाइल, आणि बातम्या पाहू नका ही न्यायाधीशांची ताकीद.

हातात पाठवायला काही असलं की काय होतं, ते हर्डने २६ मे रोजी साक्षीत सांगितलं. जिवे मारण्याच्या धमक्या शेकड्याने, रोजच्या रोज. खटला सुरू झाल्यापासून हजारो. तुझ्या बाळाला मायक्रोवेव्हमध्ये घालू, असंही लोक कळवतात, असं ती म्हणाली. तिची मुलगी तेव्हा वर्षाची होती. हर्डच्या साक्षीतलं काय पटतं, काय नाही, हा वेगळा वाद आहे आणि मला स्वतःला तिचं सगळं पटलेलं नाही. घटस्फोटाचे पैसे दान केले आणि दान करायचं कबूल केलं यात फरक नाही, हे तिचं उत्तर तर अजिबात पटलं नाही. पण न पटण्याला हे उत्तर असू शकतं, हे १,९०० कोटींच्या आकड्यात शिरल्याशिवाय दिसत नाही. तो आकडा वरून एकसंध दिसतो. जवळ गेलं की त्यात लहान मुलीबद्दलचं वाक्य असतं.

यातले किती जण खोटे होते? सायब्रा नावाच्या कंपनीने तपासलं तेव्हा या चर्चेतली सुमारे ११ टक्के खाती बनावट निघाली. बॉट सेंटिनलने १४ हजारांहून जास्त ट्वीट चाळले आणि ६२७ खाती अशी सापडली जी जवळजवळ फक्त हर्डविषयीच लिहीत होती. या संस्थेला हर्डच्या वकिलांनी आधी एकदा काम दिलं होतं, हेही सांगायला हवं. ‘डेली वायर’ या माध्यमसंस्थेने प्रामुख्याने हर्डविरोधी मजकुराच्या जाहिरातींवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ३५ ते ४७ हजार डॉलर घातले. त्या चाळीस लाख वेळा दिसल्या. भागून पाहिलं तर एका नजरेला पाऊण रुपया. आठवडी बाजारात कोथिंबिरीची काडी मिळणार नाही या भावात. पण ११ टक्के खोटे म्हटल्यावर मला उरलेल्या ८९चीच जास्त काळजी वाटते. त्यांना कोणी पाऊण रुपयाही दिला नव्हता.

‘अॅक्वामॅन’च्या दुसऱ्या भागातून हर्डला काढा, या मागणीवर चाळीस लाखांहून जास्त सह्या जमल्या. सिनेमा डिसेंबर २०२३मध्ये आला. त्यात हर्ड होती. खटल्यात मोहोरबंद राहिलेली कागदपत्रं खुली व्हावीत म्हणून डेपच्या चाहत्यांनी तीन हजारांहून जास्त डॉलर उभे केले, सहा हजारांवर पानं बाहेर काढली, आणि त्यातल्या बऱ्याच पानांनी त्यांच्याच नायकाची पंचाईत केली. हात दाखवून अवलक्षण. नोव्हेंबर २०२२मध्ये १३०हून अधिक संस्था आणि जाणकार मंडळींनी हर्डच्या बाजूने खुलं पत्र काढलं. ते किती जणांनी वाचलं असेल?

आता आक्रसणाऱ्या आकड्यांकडे. पाच कोटी डॉलरच्या दाव्यावर ज्युरीने डेपला दीड कोटी दिले: एक कोटी भरपाई, पन्नास लाख दंडात्मक. व्हर्जिनियाच्या कायद्यात दंडात्मक रकमेला साडेतीन लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे न्यायाधीशांनी पन्नास लाखांचे साडेतीन लाख केले. उरले १ कोटी ३ लाख ५० हजार. डेपच्या वकिलाने हर्डबद्दल केलेल्या तीनपैकी एका विधानापोटी हर्डला वीस लाख मिळाले. वजाबाकी केली तर ८३ लाख ५० हजार. दोघंही अपिलात गेले आणि डिसेंबरात तडजोड झाली: दहा लाख डॉलर, तेही हर्डच्या विमा कंपनीने द्यायचे. डेपने ते पाच संस्थांना दोन-दोन लाख असे वाटून टाकले. पाच कोटींचे दहा लाख, म्हणजे पन्नासावा हिस्सा. आणि डेपच्या खिशात त्यातलं शून्य.

याच भांडणाचा एक निकाल आधीच लागलेला होता, हे मात्र गर्दीत हरवलं. डेपला ‘पत्नीला मारणारा’ म्हणणाऱ्या ‘द सन’ या इंग्लिश दैनिकावर त्याने लंडनमध्ये दावा लावला होता. जुलै २०२०, सोळा दिवस. इंग्लंडच्या न्यायालयात छायाचित्र काढायला १९२५पासून कायद्याने बंदी. ज्युरी नाही, एकच न्यायाधीश, निकालपत्र १२९ पानांचं. चौदापैकी बारा प्रसंग दिवाणी कसोटीवर सिद्ध झाले, दैनिकाचं म्हणणं बव्हंशी खरं, असा न्या. निकोल यांचा निष्कर्ष. तिथे एकाने उलट सांगितलं, इथे सात जणांनी सुलट. कोण बरोबर, यावर मी इथे तराजू धरत नाही. १२९ पानांच्या त्या निकालपत्राचा टी-शर्ट कुठे विकायला आला नाही, एवढं नक्की.

सात जण. पाच पुरुष, दोन स्त्रिया. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणायला सोय. या सगळ्या पसाऱ्यात ज्यांच्या मताला कायद्याने किंमत होती ते एवढेच, आणि व्हर्जिनियात ज्युरीचा भत्ता तेव्हा दिवसाला तीस डॉलर. त्यांची नावं वर्षभर गुप्त ठेवण्यात आली. खटल्यानंतर निघालं की त्यातला एक जण मुळात बोलावलेलाच नव्हता. समन्स होतं ७७ वर्षांच्या गृहस्थांच्या नावे. त्याच पत्त्यावर, त्याच नावाचा, ५२ वर्षांचा मुलगा राहत होता, तो येऊन बसला. हर्डच्या वकिलांनी यावर नव्या खटल्याची मागणी केली. न्यायाधीशांनी ती फेटाळली.

सात जणांनी शंभर-शंभर तास ऐकलं, म्हणजे सातशे तास. जगाने पाहिले ८ कोटी ३९ लाख. भागाकार केला. ज्युरीच्या एका तासामागे बघ्यांचे १ लाख २० हजार तास पडतात. सव्वा लाखाला पाच हजार कमी.

बंद खोलीत त्यांची चर्चा तीन दिवसांत मिळून तेरा तासांच्या आसपास चालली. १ जूनला निकाल तयार असल्याचा निरोप आला. हर्ड हजर होती, डेप इंग्लंडमध्ये होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, माझ्या मोबाइलवर उजवीकडे लोकांच्या प्रतिक्रिया वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने वर पळत होत्या. पस्तीस लाख जण थांबलेले. न्यायाधीशांनी निकालाचे कागद हातात घेतले, पानं उलटली आणि ज्युरींना सांगितलं की भरपाईची रक्कम लिहायची राहिली आहे, ती जागा कोरी आहे. आकडाच नव्हता. सातही जण उठले, पुन्हा आतल्या खोलीत गेले, दार बंद झालं. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत राहिली.